मावळातील गड आणि लेणी यांच्यामधून धावताना मार्ग कसा आखावा

इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या खोऱ्यांना वेगळे करणारी सह्याद्रीची एक रांग लोणावळ्याच्या बाजूने पूर्वेकडे गेली आहे. लोहगड आणि विसापूर हे जोडकिल्ले याच रांगेवर आहेत. विसापूरच्या अंगातच भाजे लेणी आहेत, पवनेच्या बाजूला बेडसे लेणी आहेत आणि इंद्रायणी ओलांडून उत्तरेकडच्या डोंगरात कार्ले लेणी आहेत. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांतून बोरघाटाने वर येणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच भागातून देशावर जात असे. लेणी कोरली गेली ती या मार्गाच्या आधाराने, आणि पुढे गड उभे राहिले तेही याच मार्गावर नजर ठेवण्यासाठी. म्हणूनच इथे सकाळच्या एका धावेत, फारशी वाट वाकडी न करता, दोन हजार वर्षांच्या खुणा एकामागोमाग येतात. पुण्याहून आणि मुंबईहून रेल्वेने सहज पोहोचता येणारा असा दुसरा डोंगराळ टापू मला माहीत नाही, आणि तो नीट धावला जावा म्हणून हे मार्गदर्शन लिहीत आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे इथला मार्ग किलोमीटरवर आखायचा नसून चढ, पाणी आणि थांबे या तीन गोष्टींवर आखायचा असतो. शहरात दहा किलोमीटर एका तासात धावणाऱ्या व्यक्तीला मळवली ते लोहगडमाथा हे त्याहून कमी अंतर गाठायला जवळपास दुप्पट वेळ लागू शकतो. मळवली स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे आणि लोहगडाचा माथा १,०३३ मीटरवर आहे. म्हणजे चारशे मीटरहून अधिक निव्वळ चढ. डोंगरात धावणारे एक ढोबळ हिशोब वापरतात, तो असा की दर शंभर मीटर चढासाठी सपाटीवरचा आणखी एक किलोमीटर धरावा. या हिशोबाने लोहगडाच्या फेरीत चार किलोमीटरांची भर पडते. त्यात लेणी पाहण्याचा आणि गडावर फिरण्याचा वेळ मिळवावा, मगच घरी परतण्याची वेळ ठरवावी.

तयारी

डोंगरात धावण्यासाठी वेगापेक्षा मांड्या आणि घोटे यांची तयारी महत्त्वाची असते. पुण्यातील धावपटूंना वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आणि पर्वतीच्या पायऱ्या हाताशी आहेत. मुंबईकरांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांकडे चढत जाणारा रस्ता उत्तम आहे, आणि त्याच्या शेवटीही लेणीच आहेत ही सोयीची गोष्ट. आठवड्यातून एक दिवस चढाच्या सरावासाठी ठेवावा. चढ धावत जाण्याचा हट्ट मात्र धरू नये. तीव्र चढावर हात गुडघ्यांवर टेकून, लहान पण न थांबणारी पावले टाकत चालणारा माणूस, धावत-थांबत जाणाऱ्यापेक्षा बहुधा आधी माथ्यावर पोहोचतो आणि त्याचा दमही शाबूत राहतो.

उताराचा सराव बहुतेक जण करीत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात त्या याच कारणाने. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे ओझे पेलत असतात, त्यामुळे त्यांच्यावर चढापेक्षा वेगळा आणि जास्त झिजवणारा भार येतो. त्यावर उपाय म्हणजे पावले लहान ठेवणे, गुडघे किंचित वाकलेले ठेवणे, शरीर मागे न झुकवणे आणि नजर पायांवर न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवणे. टाच आदळत, लांब ढांगा टाकत उतरणाऱ्याला मुरुमाच्या पहिल्याच घसाऱ्यावर बसकण मारावी लागते.

बुटांच्या बाबतीत एवढेच सांगतो की तळाला खोल खाचा असलेले, डोंगरासाठीचे बूट घ्यावेत आणि ते आधी टेकडीवर वापरून रुळवावेत. काळा कातळ कोरडा असताना पकड देतो, पण शेवाळलेल्या ओल्या कातळावर कोणताही बूट भरवशाचा नसतो.

पहिला मार्ग : मळवली, भाजे, कार्ले

या टापूत प्रथमच येणाऱ्याने गडाकडे न जाता खोऱ्यातला मार्ग धरावा. मळवली हे पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरील कामशेत आणि लोणावळा यांच्यामधले स्थानक आहे. स्थानकातून दक्षिणेकडे निघाल्यावर द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव लागते. हे अंतर साधारण दोन किलोमीटरांचे आणि जवळजवळ सपाट असल्याने शरीर तापवण्यासाठी योग्य आहे. गावाच्या टोकाला पायऱ्या सुरू होतात आणि त्या लेण्यांपर्यंत नेतात.

भाजे लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली असे मानले जाते. एकूण २२ लेण्यांचा हा समूह आहे आणि त्यातील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, हे देशातील सर्वांत जुन्या चैत्यगृहांपैकी एक आहे. त्याचे खांब आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत वरचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरपे ठेवावे लागत. कोरलेल्या दगडात त्याची काहीच गरज नव्हती, तरीही कारागिरांनी हाताला लागलेले वळण सोडले नाही. शेजारी १४ स्तूपांचा एक समूह आहे, आणि त्यातील काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे कोरलेली आहेत. सर्वांत टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, सूर्य आणि इंद्र यांची म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. दमलेल्या धावपटूने तिथपर्यंत जाण्याचा कंटाळा करू नये.

आता मार्ग आखण्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. भाजे आणि कार्ले ही दोन्ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, तिथे तिकीट काढावे लागते आणि प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या आहेत. भल्या पहाटे निघालेल्या धावपटूला दार बंद मिळण्याची शक्यता असते. शिवाय या दोन्ही चैत्यगृहांचे तोंड पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी आत अंधूक असते आणि दिवस कलल्यावर प्रकाश आतपर्यंत पोहोचतो. म्हणून धावणे आधी आणि लेणी नंतर, असा क्रम लावावा. बेडशाचे तोंड पूर्वेकडे असल्याने तिथे मात्र हा क्रम उलटा लावावा लागतो, आणि ते पुढे येईलच.

भाज्याहून पुन्हा मळवलीत येऊन उत्तरेकडे कार्ल्याची वाट धरता येते. इथे जुना मुंबई-पुणे महामार्ग ओलांडावा लागतो आणि संपूर्ण मार्गावरचा हाच सर्वांत धोकादायक टप्पा आहे. घड्याळ थांबवावे, पूर्ण उभे राहावे, दोन्ही बाजू पाहाव्यात आणि चालत ओलांडावे. पुढचा रस्ता वाढत्या चढाचा असून शेवटी पायऱ्या आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब असून भारतातील कोरीव चैत्यगृहांमध्ये ते सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या छतातील लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. वैजयंती (आजच्या कर्नाटकातील बनवासी) येथील भूतपाल या श्रेष्ठीचा, म्हणजे व्यापाऱ्याचा, तसेच धेनुकाकट येथील यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचा उल्लेख तिथल्या लेखांत येतो, आणि खालून आलेली व्यापारी वाट किती दूरपर्यंत जोडलेली होती ते त्यावरून उमगते.

लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी आणि आगरी समाजासह अनेकांचे हे श्रद्धास्थान आहे. चैत्रातील यात्रेच्या आणि नवरात्राच्या दिवसांत इथे अफाट गर्दी असते, त्या दिवसांत धावण्यासाठी कार्ल्याची बाजू धरूच नये. इतर दिवशीही पायऱ्यांवर धावू नये. दर्शनाला निघालेले वृद्ध आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया त्याच पायऱ्यांवर असतात.

दुसरा मार्ग : गायमुख खिंड आणि लोहगड

हा या टापूतला मुख्य मार्ग. भाजे गावातून लोहगडवाडीकडे जाणारा रस्ता वळणे घेत वर चढतो. डावीकडे विसापूरचा कडा सतत सोबत करतो आणि खाली इंद्रायणीचे खोरे उलगडत जाते. हा चढ अंगावर येणारा आहे, पण रस्ता असल्यामुळे पाय कुठे टाकावा याची चिंता नसते. म्हणून चढावर दम जोखण्यासाठी तो योग्य आहे. वर लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड लागते, आणि खिंडीपलीकडे लोहगडवाडी.

शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. धावपटूने नेहमी उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, धावावे. आंधळ्या वळणावर मात्र कडेला थांबून कानोसा घ्यावा. शक्य असल्यास आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. तो न मिळाल्यास उजाडता उजाडता भाज्यातून निघावे, म्हणजे गाड्या वर येऊ लागेपर्यंत आपण पायऱ्यांपाशी असतो.

लोहगडवाडीपासून पायऱ्यांचा मार्ग गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा या चार दरवाज्यांतून वर जातो. दरवाज्यांची ही नागमोडी मांडणी शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये म्हणूनच केलेली आहे, आणि त्या मांडणीचा मान राखून तिथून चालतच जावे. पायऱ्यांच्या कडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने गुळगुळीत झाल्या आहेत. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या किल्ल्यांमध्ये लोहगड होता आणि १६७० मध्ये तो मराठ्यांनी परत घेतला. पेशवाईच्या उत्तरार्धात तो नाना फडणविसांकडे होता; त्यांनी बांधून घेतलेले मोठे तळे माथ्यावर आहे. २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळांचा दर्जा मिळाला, त्यांत लोहगडाचा समावेश आहे.

माथा बराचसा सपाट आहे आणि तिथल्या मळलेल्या वाटेवर संथ धावायला हरकत नाही. पश्चिमेकडे विंचवाच्या नांगीसारखी लांब निघालेली विंचूकाटा माची दिसते. तिच्याकडे उतरणारी वाट कातळातली आणि दोन्ही अंगांनी उघडी आहे. वारा असेल, धुके असेल किंवा पाय थकले असतील तर ती वरूनच पाहावी. तटबंदीवरून धावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण सुटे झालेले दगड वरून ओळखू येत नाहीत, आणि पडणाऱ्याचे जितके नुकसान होते तितकेच ढासळणाऱ्या तटाचेही होते.

विसापूर लोहगडाहून उंच आहे, आणि १८१८ मध्ये याच उंचीने निकाल लावला. इंग्रजांनी मार्चमध्ये आधी विसापूर घेतला, आणि तिथून तोफांच्या माऱ्यात येणारा लोहगड मग फार काळ टिकू शकला नाही. खिंडीत उभे राहून दोन्ही माथ्यांकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट नकाशाशिवाय समजते. विसापूरवर जाणारी वाट मात्र धावपटूची नाही. तिचा काही भाग ओढ्याच्या पात्रातून जातो, दगड मोठे आणि सुटे आहेत, आणि माथ्यावरच्या विस्तीर्ण पठारावर धुक्यात दिशा हरवते. विसापूर हा स्वतंत्र दिवस काढून, चालत, वाट माहीत असलेल्या सोबत्याबरोबर पाहण्याचा गड आहे.

मळवलीपासून लोहगडाच्या पायऱ्यांपर्यंत सुमारे सहा ते आठ किलोमीटर, आणि तितकेच परत. परतीच्या उतारावर वेग आपोआप वाढतो, तिथेच गुडघे सांभाळावेत. भाज्यात उतरल्यावर पाणी पिऊन, घाम पुसून, शांतपणे लेणी पाहावीत. तोपर्यंत तिकीटघर उघडलेले असते.

तिसरा मार्ग : पवना खोऱ्यातून बेडशाकडे

लांब पल्ल्याची सवय असलेल्यांसाठी ही पूर्ण ओलांडणी आहे. मळवलीहून दुसऱ्या मार्गाने लोहगडवाडी गाठून पवनेच्या बाजूला उतरावे, धरणाच्या काठाने पवनानगर गाठावे आणि तिथून कामशेतच्या रस्त्याने बेडसे गावावरून कामशेत स्थानकात संपवावे. एकूण पल्ला तीस किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडा अधिक होतो. पहिल्या तृतीयांशात जवळजवळ सगळा मोठा चढ संपतो, पण नंतरचा रस्ता उघडा आणि उन्हाचा आहे. त्यामुळे दमण्याची खरी वेळ पवनानगरनंतर येते. पाणी आणि खाणे यांची भर तिथल्या बाजारातच करून घ्यावी. पवनेच्या जलाशयाभोवती तुंग आणि तिकोना हे किल्ले दिसत राहतात. तिकोन्याच्या शेवटच्या उभ्या पायऱ्या या लांब धावेला जोडू नयेत; तिकोनापेठेहून वेगळी फेरी करावी.

बेडसे लेणी गावापासून थोड्या चढावर आहेत. इथे गर्दी जवळपास नसते. चैत्यगृहाच्या ओसरीतील भव्य खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे आणि बैल यांवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत, आणि शेजारच्या विहाराचे छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार, आहे, जे विहारांमध्ये अगदी विरळ आढळते. माझ्या मते कारागिरीच्या नाजूकपणात बेडसे कार्ल्याच्याही पुढे आहे. पूर्वेकडे तोंड असल्याने सकाळचे कोवळे ऊन या ओसरीत येते. त्यासाठी कामशेतहून पहाटे निघून हा मार्ग उलट्या दिशेने धावावा, आणि तितका पल्ला नको असल्यास कामशेत-बेडसे-कामशेत एवढीच फेरी करावी. मला विचाराल तर तिन्ही मार्गांतली ही छोटी फेरी सर्वांत समाधान देणारी आहे.

ऋतू, पाणी आणि सोबत

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्च ते मे या काळात नऊच्या आत धावणे संपवावे. पावसाळ्यात मावळ हिरवागार होतो आणि मन ओढले जाते, परंतु धबधब्यांपाशी गर्दी, शेवाळलेल्या पायऱ्या, दरडी आणि धुके यांमुळे तो धावण्याचा नव्हे, जपून चालण्याचा ऋतू आहे. त्या दिवसांत जिल्हा प्रशासन वेळोवेळी मनाईचे आदेश काढते. निघण्यापूर्वी ते तपासावेत आणि निमूटपणे पाळावेत.

माणशी दीड ते दोन लिटर पाणी पाठीवर असावे. त्यात लिंबू, मीठ आणि साखर घालून ठेवणे पुरेसे असते; खाण्यासाठी खजूर, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की चांगली टिकते. गडावरच्या टाक्यांतले पाणी गाळून-उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये आणि त्यात हातपाय तर मुळीच धुऊ नयेत. वाडीत पाणी मागायचे झाल्यास अंगणाबाहेर थांबून ‘मावशी’ किंवा ‘काका’ अशी हाक द्यावी. सहसा कोणी नाही म्हणत नाही. चहा-भाकरी विकत मिळत असेल तर ती तिथेच घ्यावी, शहरातून डबे वाहून नेऊ नयेत.

भातखाचरांचे बांध हा धावण्याचा मार्ग नव्हे. ते मातीचे असतात, पायाने खचतात आणि त्यांच्यावर त्या घराचे वर्षाचे पीक अवलंबून असते. गुरे वाटेत आली तर चालू लागावे आणि त्यांना कड्याच्या बाजूला न रेटता पुढे जाऊ द्यावे. कुत्री अंगावर आली तर पळू नये. थांबावे, पाठ न दाखवता सावकाश पुढे सरकावे. वाळल्या गवतात फुरसे आणि घोणस असू शकतात, म्हणून मळलेली वाट सोडू नये आणि दगडाखाली हात घालू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात. तिथे तीव्र सुगंध, धूर आणि आरडाओरडा हे तिन्ही टाळावेत.

लेण्यांच्या आत आणि दरवाज्यांखाली पाय ताणण्याचे व्यायाम करू नयेत. खांबाला किंवा स्तूपाला पाय लावून पोटरी ताणणे हे संरक्षित वास्तूला इजा करणारे तर आहेच, शिवाय तिथे वंदनेसाठी आलेल्या बौद्ध उपासकांचा तो अवमान आहे. बाहेरच्या पायरीवर बसून श्वास सावरावा, मग आत जावे, आणि फोनवरचे गाणे आधीच बंद करावे.

एकट्याने जाऊ नये. गेलात तर घरी मार्ग आणि परतीची वेळ लिहून ठेवावी, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, कारण खिंडीच्या पलीकडे आणि पवनेच्या काही भागात फोनला रेंज नसते. अपघात झाल्यास ११२ हा क्रमांक लावावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र ही संस्था या डोंगरांतील बचावकार्यासाठी ओळखली जाते. शिट्टी, पट्टी बांधण्याचे साहित्य आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट इतके ओझे कोणालाही जड होत नाही.

परतीची लोकल मात्र आधीच पाहून ठेवावी. दुपारच्या वेळी या मार्गावर फेऱ्या विरळ असतात, आणि घामाने ओल्या कपड्यांत फलाटावर दीर्घकाळ थांबावे लागू नये म्हणून पिशवीत एक कोरडा सदरा ठेवावा.